जपानीचा रस्ता इंग्रजीतूनच का जावा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जपानमधल्या नोकऱ्यांवर पानभर मजकूर होता. पगार, कामं, व्हिसा, सगळं होतं. भाषेबद्दल मात्र एकच वाक्य: 'जपानी अवघड असली तरी चांगला क्लास लावून इंग्रजीच्या आधारे शिकता येते.' मी गिरणी चालवते. दळण थांबवून ते वाक्य दोनदा वाचलं. अवघड, क्लास आणि इंग्रजी, या तिन्ही शब्दांशी माझं भांडण आहे. पत्र लांबलं तर कापा, पण विभक्तीचा भाग ठेवा.

आमची पिठाची गिरणी अंबाजोगाईत आहे. थोरली मुलगी नर्सिंग शिकलेली. २०२१ च्या जानेवारीत भारत आणि जपानचा कामगारांबाबत करार झाला आणि म्हाताऱ्या माणसांची देखभाल करण्याच्या कामासाठी आपल्याकडच्या मुलामुलींना तिकडं जायची वाट झाली. भाषा एन ४ (जपानीच्या परीक्षेच्या पाच पायऱ्यांतली खालून दुसरी) किंवा त्या तोडीची लागते. मुलीनं मनात घेतलं. एका मोठ्या शहरातल्या क्लासला आम्ही बत्तीस हजार भरले. दीड महिन्यात शिकवणाऱ्या बाई नोकरी सोडून गेल्या, त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. मुलगी झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन घरी आली. पैसे परत मिळाले नाहीत. असो.

मग तिनं फोनवर स्वतःच सुरू केलं. मी फक्त तिची उजळणी घ्यायला बसले होते. ती पाठ म्हणणार, मी कार्ड बघून चूक की बरोबर सांगणार, एवढंच ठरलेलं. पण उजळणी घेणाऱ्यालाच आधी पाठ होतं, हे शिकवण्या घेणाऱ्या कुणालाही विचारा.

पहिला खटका उडाला तो कपड्यांवरनं. फोनमधल्या शब्दसंचात किरु, हाकु आणि काबुरु हे तीन वेगळे शब्द, आणि तिन्हींपुढं इंग्रजीत एकच अर्थ: वेअर. शेजारी बारीक अक्षरात कमरेच्या वर, कमरेच्या खाली, डोक्यावर असले खुलासे. पोरगी आठवडाभर त्यातच चुकत होती. मी म्हणलं, अगं, लुगडं नेसतात, सदरा घालतात, फेटा बांधतात, टिकली लावतात. यात तू कधी चुकलीस का? इंग्रजीला एका शब्दात भागतं हा इंग्रजीचा स्वभाव झाला. जपानी आपल्यासारखीच चोखंदळ आहे, चष्म्याला तर 'काकेरु' म्हणजे अडकवणे असा चौथाच शब्द ठेवलाय. त्या दिवशी ती तिन्ही कार्डं आम्ही मराठीत लिहिली. 'हाकु: पायांतून चढवायचं ते. पायजमा, मोजे, चप्पल.' पुन्हा चूक झाली नाही.

कार्डं कसली, तर जुन्या लग्नपत्रिका. आमच्याकडं लग्नसराईत पन्नासेक पत्रिका येतात, जाड कागद, मागची बाजू कोरी. एका पत्रिकेची चार कार्डं होतात. कुठं 'चि. सौ. कां.' एवढंच उरतं, कुठं आहेराबद्दलची अर्धी ओळ. मागं आमचं हिरागाना, म्हणजे जपानीची मूळ अक्षरं.

या हिरागानालाच लोक घाबरतात. मूळ अक्षरं ४६. मुलगी ती रोमन लिपीतून पाठ करत होती, ए-आय-यू करत. मी तक्ता बघितला आणि म्हणलं, ही तर आपली बाराखडीवाली माणसं दिसतात. आ इ उ ए ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आपल्या वर्णमालेशी लावून बघा: कवर्ग, चवर्गाच्या जागी सा, मग तवर्ग, पवर्गाच्या जागी हा, मग म य र व. पवर्गाच्या जागी हा कसा, तर फार जुन्या जपानीत त्याचा उच्चार पा होता. म्हणूनच आजही हाला छोटं वर्तुळ लावलं की पा होतो आणि दोन टिंबं लावली की बा. हे काही योगायोगानं जुळलेलं नाही. तिथले बौद्ध भिक्षू संस्कृत शिकायला सिद्धम् ही आपल्याकडची जुनी लिपी शिकले आणि त्या वर्णमालेवरनं त्यांच्या तक्त्याचा क्रम बसला. इंग्रजी पुस्तकात हा तक्ता आकाशातनं पडल्यासारखा येतो. मराठी मुलाला तो पहिलीतच येत असतो.

उच्चाराचंही तेच. त्सुनामीतला 'त्सु' म्हणजे आपल्या चुलीतला 'चु'. त्याच ओळीतला 'चि' म्हणजे चिंचेतला. मिझु म्हणजे पाणी, त्यातला शेवटचा आवाज आपल्या 'जुना'मधल्या ज सारखा. दोन च आणि दोन ज आपल्या जिभेवर लहानपणापासून आहेत, हे आपल्याला कुणी सांगतच नाही. आणि अनुस्वार! जपानीत एक अक्षर आहे, ते पुढचं व्यंजन बघून रंग बदलतं. इंग्रजीवाले त्यासाठी नियमांचा तक्ता देतात. मी नुसतं शिंबुन, गिंको, हंताइ असं लिहिलं. शिंबुन म्हणजे आपलं वर्तमानपत्र, गिंको म्हणजे बँक, हंताइ म्हणजे उलट. वाचा मोठ्यानं. म, ङ, न आपोआप आले की नाही?

ऱ्हस्वदीर्घात मात्र आपण मार खातो. शाळेत कानाला धरून शिकवलं तरी बोलताना आपण ते पाळत नाही. तिथं ओजिसान म्हणजे काका आणि ओजीसान म्हणजे आजोबा. कुणाचं वय एका वेलांटीनं वाढवायचं नसेल तर जपून. जोडाक्षराचंही तसंच, किते म्हणजे ये, कित्ते म्हणजे टपालाचं तिकीट. देवनागरीत हे स्वच्छ दिसतं.

आता विभक्ती. मी मराठी घेऊन बी. ए. च्या दुसऱ्या वर्षापर्यंत शिकले, मग लग्न झालं. स ला ते, स ला ना ते, ही गाडी तेव्हापासून डोक्यात धूळ खात पडली होती. ती इतक्या वर्षांनी चालू झाली. 'वाताशि वा आंबाजोगाइ कारा पुने मादे बासु दे इकिमासु.' मी तर, अंबाजोगाईहून, पुण्यापर्यंत, बसनं, जाते. एकही शब्द जागचा हलवावा लागला नाही. कारा म्हणजे हून, मादे म्हणजे पर्यंत, दे म्हणजे नं, नो म्हणजे चा-ची-चे, आणि त्यांच्या नो ला लिंग नाही, वचन नाही, सुख आहे. प्रश्न करायचा तर शेवटी का लावायचा. इकिमासु का? जाता का? खरंच 'का'च आहे, मी काही बनवून सांगत नाही.

हेच वाक्य माझी मुलगी आधी इंग्रजीत उलटं करायची आणि मग जपानीत पुन्हा सुलटं. पुण्याला जायला मुंबईवरनं गाडी बदलावी तसं.

सगळ्यात गंमत आली ती क्रियापदाच्या 'ते' रूपात, म्हणजे आपल्या करून, खाऊनमधल्या 'ऊन'सारख्या रूपात. मुलीच्या गठ्ठ्यात त्यावर चार पानं होती. ते-मिरु: करून बघण्याचा प्रयत्न, नियम अमुक. ते-ओकु: आगाऊ केलेली क्रिया, नियम तमुक. ते-मोराउ, ते-आगेरु आणखी पुढं. मी विचारलं, मिरु म्हणजे काय? बघणे. ओकु? ठेवणे. मोराउ? घेणे. आगेरु? देणे. झालं की मग! खाऊन बघ, लिहून ठेव, शिकवून घे, दळून दे. आपण दिवसभर हेच बोलतो. ज्या गोष्टीसाठी इंग्रजीला चार पानं लागली ती आमच्या गिरणीत येणारी निरक्षर म्हातारीसुद्धा अचूक वापरते. देण्यात एक मेख आहे तेवढी सांगते: मी दुसऱ्याला देते ते आगेरु, दुसरा मला देतो ते कुरेरु. तिथं आपल्या एकाच 'दे'वर भागत नाही.

घरातून निघताना आपण 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. जपानी माणूस म्हणतो 'इत्ते किमासु', शब्दाला शब्द 'जाऊन येते'. घरातला म्हणतो 'इत्तेराश्शाइ', जाऊन या. हे कार्ड पलटलं तेव्हा मुलगी थोडा वेळ गप्प बसली. मीही.

सगळंच जुळतं असं म्हणाल तर नाही. नि आणि दे या दोघांनी मला रडवलं. घरात आहे म्हणताना नि, घरात जेवते म्हणताना दे, आणि आपल्याकडं दोन्हींना एकच 'त'. फोनमधल्या सरावात रिकाम्या जागा भरायच्या असतात (त्याला तिकडं काहीतरी भारी नाव आहे, आपण चौथीपासून रिकाम्या जागा भरा म्हणतो). या एका जागेवर मी किती वेळा लाल झाले त्याला गणती नाही. शेवटी गिरणीतच उपाय सापडला. डबा गिरणीत आहे, तो नुसता बसलाय, म्हणून नि. दळण गिरणीत दळते, हातपाय हलतात, म्हणून दे. 'वा' आणि 'गा'चं तर अजूनही पक्कं नाही. 'गा' म्हणजे आपला 'ने' असं समजून मी दोन महिने चालले आणि तोंडावर पडले. कोण, काय या शब्दांना वा कधी लागत नाही, गा लागतो, एवढी खूणगाठ बांधून सध्या काम भागवते.

आकडे सोपे. आपल्याकडं २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' छापलं म्हणून केवढा गदारोळ झाला होता. जपानी पोरं 'दोन दहा एक' म्हणूनच मोठी होतात. पण त्यांच्या तारखा विचारू नका. चार तारीख योक्का, आठ तारीख योओका, वीस तारीख हात्सुका. वार मात्र आपलेच आहेत, सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी याच क्रमानं, कारण आपल्याकडचं ज्योतिष चीनवरनं तिकडं पोचलं.

कांजी म्हणजे अख्ख्या शब्दासाठीची चिन्हं, त्यांची भीती सगळ्यांना असते. रोजच्या वापरासाठी सरकारनं ठरवलेली २,१३६ आहेत, पण पहिल्या परीक्षेला, म्हणजे सगळ्यात खालच्या एन ५ ला, शंभराच्या आसपासच पुरतात. झाड हे एक चिन्ह, दोन झाडं म्हणजे राई, तीन झाडं म्हणजे जंगल, झाडाला टेकलेला माणूस म्हणजे विश्रांती. एका चिन्हाचे दोन-दोन उच्चार ऐकून मुलगी वैतागली होती. मी म्हणलं, घरात पाणी म्हणतेस आणि जलसंपदा विभागाला पाणीसंपदा म्हणतेस का? पाण्याचं चिन्ह एकटं असलं की मिझु, दुसऱ्याला चिकटलं की बहुतेक वेळा सुइ. मी कांजी पिठावर गिरवते. गिरणीच्या फळीवर दिवसभरात पिठाचा थर बसतो, त्यावर बोटानं लिहायचं आणि हातानं पुसायचं. आमच्या गावचे जुने संतकवी दासोपंत कापडाच्या पासोडीवर लिहायचे, त्यांना रोज ढब्बू पैशाची शाई लागायची म्हणतात. माझा तेवढाही खर्च नाही.

साधनांबद्दल. आम्ही अंकी नावाचं कार्डांचं ॲप वापरतो, अँड्रॉइड फोनवर ते फुकट आहे. अंकी म्हणजे जपानीत पाठांतरच. २००६ पासूनचं आहे. आलेला शब्द ते लांबच्या मुदतीवर टाकतं, चुकलेला लगेच पुढं आणतं. त्याच्यामागचा विचार फार जुना आहे. माणूस कसा विसरतो हे एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं स्वतःवर प्रयोग करून १८८५ मध्येच मांडून ठेवलंय, आणि १९७२ मध्ये लाइटनर नावाच्या दुसऱ्या एकानं त्यासाठी डब्यांची पद्धत सांगितली: आलेलं कार्ड पुढच्या डब्यात, चुकलेलं परत पहिल्या डब्यात. आमच्या पत्रिकांची कार्डं तशीच पाच डब्यांत असतात. डबे गिरणीत हवे तेवढे.

एक चूक सांगते, दुसऱ्यानं करू नये म्हणून. हौसेनं मी फोनमध्ये रोजचे नवे शब्द पन्नास केले. पंधरा दिवस बरं चाललं. मग दिवाळी आली, चकलीच्या भाजणीचे डबे रस्त्यापर्यंत लागले, आठ दिवस फोन उघडला नाही. उघडला तर ६१२ कार्डं उजळणीला उभी. पळून जावंसं वाटलं. मुलीनं नवे शब्द बंद केले, रोज शंभर जुनी उपसली, आठवड्याभरात रस्ता मोकळा झाला. आता रोज नवे दहाच, सणावाराला शून्य.

जपान फाउंडेशनचं इरोदोरी हे पुस्तक आवाजासकट फुकट मिळतं, ते चांगलं आहे. एनएचके या जपानी वाहिनीचे धडे हिंदीत आहेत, त्याचाही उपयोग झाला. पण फोनवर सराव घेणारं साधन उघडलं की समोर बहुतेक वेळा इंग्रजीच येते. माझ्या मुलीला ती बऱ्यापैकी येते. धाकट्याच्या वर्गातल्या निम्म्या पोरांना येत नाही, आणि ती जपानी शिकू शकत नाहीत असं त्यांना वाटतं. खरं तर जमत नाही ते इंग्रजी, जपानीपर्यंत ती पोचतच नाहीत.

पोचली तर काय होतं तेही मराठवाड्यानंच दाखवलंय. छत्रपती संभाजीनगरजवळच्या गाडीवाट गावातल्या जिल्हा परिषद शाळेची पोरं जपानी शिकतात, बोलतात, ही बातमी २०२० मध्ये आली होती. रोबोटची आवड म्हणून त्यांनी ही भाषा निवडली. आणि त्याच्या कितीतरी आधी, शाळेच्या सहलीत मी अजिंठ्याला गेले होते तेव्हा स्फटिकाचे दगड विकणारा एक माणूस जपानी बायकांच्या मागं 'ताकाकुनाइ, ताकाकुनाइ' करत धावत होता. तेव्हा आम्ही पोरी हसलो होतो. ताकाइ म्हणजे महाग, ताकाकुनाइ म्हणजे महाग नाही. विशेषणाचं नकारार्थी रूप त्यानं बिनचूक लावलं होतं, हे मला गेल्या वर्षी कळलं. त्यानं कुठला क्लास लावला असेल?

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी आम्ही दोघींनी एन ५ ची परीक्षा दिली. त्यासाठी पुणं गाठलं, तीनशे किलोमीटर, रात्रीची बस, सकाळी स्टँडवरच तोंड धुतलं. १८० पैकी ८० ला पास. मुलीला १२९ पडले. मला ९८. मी नापास. एकूण ८० पुरत नाहीत, ऐकण्याच्या भागात ६० पैकी १९ वेगळे लागतात, आणि मला तिथं १७ होते. ध्वनिफीत एकदाच वाजते. वीस वर्षं गिरणीचा आवाज ऐकलेल्या कानांना ती एकदा पुरली नाही. फोनमधले शब्द मी डोळ्यांनी पाठ केले होते, कानांनी नाही, हीही चूक माझीच. आता कार्ड पलटायच्या आधी आवाज ऐकते.

तर मागणं असं आहे. आमच्या दोघींची ६४० कार्डं मराठीत तयार झाली आहेत, आपल्या घरातली, शेतातली, बसस्टँडवरची वाक्यं घालून. एन ५ ला आठशेच्या आसपास शब्द लागतात, म्हणजे थोडीच राहिली. त्यात चुका असणार, 'वा' आणि 'गा'च्या तर नक्कीच. पुण्यात इतकी वर्षं जपानी शिकवली जाते, तिथल्या जाणत्या शिक्षकांपैकी कुणी तपासून दिली तर संच फुकट वाटायची आमची तयारी आहे. संभाजीनगर किंवा नांदेडच्या विद्यापीठानं मनावर घेतलं तर परीक्षेचं केंद्र मराठवाड्यात मागता येईल, पोरांची रात्रीची बस वाचेल. आणि आपल्याकडं, संपादक महाराज, शब्दकोड्याशेजारी दोन बोटं जागा रोज रिकामी असते, तिथं कधी गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात असते. तिथं रोज पाच शब्द छापा. पहिल्या महिन्याचे मी पाठवते.

माझा पत्ता आपल्याकडं आहे. कार्डं तपासायला कुणी येणार असेल तर दुपारी दोन ते चार यावं. तेव्हा गिरणी बंद असते आणि बोललेलं नीट ऐकू येतं.

आपली,
एक गिरणीवाली
अंबाजोगाई, जि. बीड

(नाव छापू नये. गिऱ्हाइकं मार्क विचारतील.)